शेणखत की पोत्यातले खत?

एका एकरातल्या बागायती गव्हाला कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे सुमारे ४८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १६ किलो पालाश लागते. हे दुकानातून आणायचे तर डीएपीचे एक पोते, युरियाची दोन पोती आणि म्युरेट ऑफ पोटॅशचे साधारण अर्धे पोते पुरते. छोट्या टेम्पोच्या एका कोपऱ्यात हा सगळा माल बसतो. तेच ४८ किलो नत्र शेणखतातून द्यायचे ठरवले, तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरून साडेनऊ टन खत लागेल. त्यातलेही पहिल्या वर्षी पिकाच्या हाती पडते ते एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे पहिल्याच हंगामात गव्हाची पूर्ण भूक शेणखतावर भागवायची तर एकरी अठ्ठावीस-एकोणतीस टन. एक गावरान जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण टाकते. वर्षाचे साडेतीन टन ओले शेण उकिरड्यात कुजून, आटून दीड टनाच्या घरात येते. तेव्हा दावणीला किती जनावरे हवीत, हे वाचकाने स्वतःच बोटावर मोजावे.

या पुस्तकाची सुरुवात मुद्दाम या गणिताने केली आहे. ‘सेंद्रिय की रासायनिक?’ हा प्रश्न शेतकरी मेळाव्यात, पारावर, कृषी प्रदर्शनाच्या मांडवात इतक्या आवेशाने विचारला जातो, की तो श्रद्धेचा प्रश्न वाटू लागतो. एका बाजूला ‘विषमुक्त शेती’चे फलक, दुसऱ्या बाजूला ‘खत नाही तर पीक नाही’ म्हणणारे दुकानदार. दोघेही शेणाची ट्रॉली आणि खताचे पोते एकाच तागडीत घालतात, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. या दोन वस्तूंची कामे वेगळी आहेत. पोते पिकाला खायला घालते, शेणखत जमिनीला. पिकाचे पोट भरले म्हणजे जमिनीचे भरले असे होत नाही, आणि जमीन सांभाळली म्हणून या हंगामातले पीक आपोआप पोसले जाईल असेही नाही. हे एवढे मान्य झाले तर उरतो तो हिशेबाचा प्रश्न: शेतातून काय गेले, परत काय आले, कोणत्या किमतीला आणि कोणाच्या खर्चाने.

आधी एक गैरसमज दूर करू. मुळाला खताचा उगम कळत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८४० साली मांडले की वनस्पती जमिनीतून खनिज अन्न घेते, आणि जे अन्नद्रव्य सर्वात कमी असेल तेच पिकाची मर्यादा ठरवते. शेणातले नत्रही जिवाणूंनी फोडून अमोनियम आणि नायट्रेट केल्यावरच मुळांत शिरते. गोमूत्रातल्या नत्राचा बराच मोठा भाग तर थेट युरियाच असतो, तोच जो ४५ किलोच्या पोत्यात भरून येतो. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर याने प्रयोगशाळेत पहिल्यांदा युरिया बनवला, तेव्हा खळबळ झाली ती याचमुळे: जे केवळ सजीवाच्या शरीरात तयार होते असे मानले जाई, ते काचेच्या भांड्यात तयार झाले. युरियाला ‘विष’ म्हणणाऱ्याने त्याच श्वासात गोमूत्राला ‘अमृत’ म्हणू नये, एवढीच विनंती.

पण मुळाला फरक कळत नसला तरी मातीला कळतो. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे १८४३ साली सुरू झालेला ब्रॉडबाल्कचा गव्हाचा प्रयोग आजही चालू आहे. तिथे एका पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडत आले, शेजारच्या पट्ट्यांत नुसती रासायनिक खते. धान्याचे उत्पादन दीर्घकाळ जवळपास बरोबरीचे राहिले. दोन्ही गटांना आपापल्या सोयीचा पुरावा इथे सापडतो, आणि दोघे अर्धाच वाचतात. रासायनिक खतांवर जमीन मेली नाही, गहू पिकतच राहिला. मात्र शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब नुसत्या रासायनिक खताच्या पट्ट्यापेक्षा दुपटीहून अधिक झाला. आणि पुढे अधिक उत्पादन देणारे वाण आले तेव्हा सर्वात जास्त धान्य दिले ते शेणखतावर वरून थोडे नत्र दिलेल्या पट्ट्यांनी.

ते थंड, ओलसर इंग्लंड. आपल्याकडचे ऊन वेगळे. महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनीत एप्रिल-मेच्या तापत्या मातीत सेंद्रिय पदार्थ भराभर जळून जातो, म्हणून अर्धा टक्का सेंद्रिय कर्ब टिकवणे हेही इथे कसोटीचे काम असते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० पासून देशात ठिकठिकाणी दीर्घकालीन खत प्रयोग मांडले. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गहू या पीकपद्धतीवर असाच प्रयोग चालला आहे. या सगळ्या केंद्रांवरून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: नुसते नत्र देत राहिले की सुरुवातीची काही वर्षे पीक छान येते, मग आधी स्फुरद कमी पडते, नंतर पालाश, जस्त, गंधक, आणि उत्पादन उतरणीला लागते. हिमाचलातल्या पालमपूरच्या आम्लधर्मी जमिनीत तर नुसत्या नत्राच्या वाफ्यात पीक जवळजवळ येईनासेच झाले. संतुलित रासायनिक खत आणि जोडीला शेणखत, हा वाफा मात्र बहुतेक सगळीकडे पहिला आला. थोडक्यात, ज्याला आपण ‘रासायनिक खतांचे दुष्परिणाम’ म्हणतो त्यातला मोठा भाग हा युरिया एकटाच टाकत राहण्याचा परिणाम आहे.

मग शेतकरी एकटा युरिया का टाकतो? तो अडाणी आहे म्हणून, असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. उत्तर पोत्यावर छापलेले आहे. युरियाचे ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्यात २०.७ किलो नत्र, म्हणजे नत्राचा किलोचा भाव तेरा रुपयांच्याही आत. डीएपीचे ५० किलोचे पोते १३५० रुपयांना. १ एप्रिल २०१० पासून सरकारने स्फुरद आणि पालाशयुक्त खतांसाठी अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाचे धोरण आणले, त्यांच्या किमती बाजारावर सोडल्या, आणि युरिया त्यातून बाहेर ठेवला. एकीकडची किंमत बांधलेली, दुसरीकडची चढती. ज्याच्या खिशात हंगामाच्या तोंडावर मोजके पैसे आहेत तो स्वस्त ते उचलणार, आणि युरियाने पीक आठवड्यात हिरवेगार दिसते हे त्याच्या डोळ्यांसमोर असते. पालाशाने दाणा भरतो, ऊस लोळत नाही, हे काढणीला दिसते. तोवर शेजाऱ्याचे हिरवे शेत बघून झोप उडालेली असते.

युरिया स्वस्त आहे तो दुकानात. त्याची खरी किंमत पोत्यावरच्या किमतीच्या कित्येक पट आहे आणि फरक तिजोरीतून भरला जातो. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर याने हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवण्याची रीत दाखवली आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे कार्ल बॉश याच्या देखरेखीखाली ती कारखान्यात आली. तेव्हापासून नत्र म्हणजे इंधन हे समीकरण झाले. आपल्याकडे ट्रॉम्बे आणि थळचे आरसीएफचे कारखाने असोत की गोव्यातला एकेकाळचा झुआरीचा, चूल पेटते ती नैसर्गिक वायूवर, आणि देशाला लागणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा बाहेरून येतो. पालाशाच्या खनिजासाठी तर आपण जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहोत. त्यामुळे दूरच्या युद्धाची झळ मराठवाड्यातल्या कृषी सेवा केंद्राच्या पायरीपर्यंत पोचते. मग टंचाई, मग रांगा, मग ‘युरिया हवा तर ही बाटलीही घ्या’ असे लिंकिंग. लिंकिंगमध्ये गळ्यात पडलेल्या त्या बाटलीवर बहुधा ‘ऑरगॅनिक’ असेच लिहिलेले असते, हा या गोष्टीतला विनोद.

इथे आणखी एक गाठ सोडवली पाहिजे. ‘सेंद्रिय’ म्हणजे घरचे आणि ‘रासायनिक’ म्हणजे बाजारचे, ही वाटणी आता उरलेली नाही. गांडूळखत, निंबोळी पेंड, प्रेसमडचे कंपोस्ट, शहराच्या ओल्या कचऱ्याचे खत, जिवाणूंचे कल्चर हे सगळे पिशवीतून, बाटलीतून विकले जाते आणि त्यावरही नफा कमावला जातो. खत नियंत्रण आदेश १९८५ चा, पण सेंद्रिय आणि जिवाणू खते त्याच्या कक्षेत आली २००६ साली. त्याप्रमाणे गांडूळखतात नत्र किमान एक टक्का असले पाहिजे. विकत घेताना पिशवीवर ही टक्केवारी, परवाना क्रमांक आणि तारीख आहे का हे बघणारा शेतकरी विरळा. युरियात भेसळ करणे अवघड, कारण सगळे पोते पांढरे स्वच्छ दाणेदार असते. ‘सेंद्रिय खत’ या नावाखाली मात्र काळी माती, राख, कोळशाची भुकटी काहीही खपते. शेणखताच्या ट्रॉलीतही निम्मी माती असते, हे ज्याने ट्रॉली रिकामी केली आहे त्याला ठाऊक आहे. सेंद्रियाला शुद्धतेचा पुरावा लागत नाही असे समजणारे लोक या बाजाराचे सर्वात आवडते गिऱ्हाईक आहेत.

शेण गेले कुठे, हाही प्रश्न नवा नाही. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये महात्मा फुल्यांनी डोंगरउतारावरचे पालापाचोळ्याचे, कुजलेल्या पदार्थांचे सत्त्व पावसाबरोबर वाहून वाया जाते याकडे लक्ष वेधले आणि ते शेतात मुरावे म्हणून ताली, बंधारे घालायला सांगितले. पाठोपाठ इंग्लंडहून आलेल्या जॉन व्होल्कर या रसायनतज्ज्ञाने १८९३ च्या आपल्या अहवालात लिहिले की हिंदुस्थानातला शेतकरी शेण जाळतो तो अज्ञानापोटी नव्हे, दुसरे सरपण नाही म्हणून. त्याच काळात पुणे नगरपालिकेच्या सोनखताला मुठा कालव्यावरच्या ऊसवाल्यांकडून मागणी होती. आज शहरात गेलेले धान्य, भाजी, दूध यांतले स्फुरद-पालाश गटारातून नदीत जाते आणि शेताकडे परतत नाही. शेणखताबद्दल बोलताना ही गळती विसरली जाते. घरच्या जनावराचे शेण म्हणजे घरच्याच वैरणीतून आलेले अन्न. ते शेतात परत येते, वाढत नाही. ज्या शेतातून दरवर्षी ट्रक भरून ऊस किंवा कांदा बाहेर जातो, तिथे बाहेरून काहीतरी आत यावेच लागते: पोत्याने येवो, विकतच्या पेंडीने येवो, की धनगराच्या मेंढ्यांच्या लेंड्यांनी येवो.

मेंढ्या बसवण्याची रीत अजून सोलापूर, नगर, पुणे भागांत टिकून आहे, आणि माझ्या मते ती कुठल्याही कृषी प्रदर्शनातल्या दालनापेक्षा अधिक अभ्यासण्यासारखी आहे. रात्रभर वावरात कळप बसतो, लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी मुरते. उकिरड्यात उन्हापावसात उडून जाणारे नत्र इथे वाचते. धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. वाहतूक खर्च शून्य, कारण खत स्वतःच चालत येते. दुर्दैवाने बारमाही पिकांच्या पट्ट्यात रान रिकामे राहत नाही आणि कळपांची वाट अडते.

महाराष्ट्राने या विषयावर विचार करणारी माणसेही बरीच दिली. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर गेली, पण कमी शेणात जास्त खत कसे करावे याचे उत्तर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी दिले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, हवेसाठी भोके ठेवलेली विटांची टाकी ‘नाडेप’ म्हणून गावोगाव उभी राहिली (अनुदानावर उभ्या राहिलेल्या कित्येक टाक्यांत पुढे सरपण साठवले गेले, तो दोष पांढरीपांड्यांचा नाही). कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून शेतकऱ्याला प्रयोग करायला आणि मोजायला शिकवले. फलटणला काम केलेल्या डॉ. आनंद कर्वे यांचे म्हणणे प्रस्थापित मताच्या थेट उलटे होते: कुजून निर्जीव झालेल्या कंपोस्टापेक्षा हिरवा पाला किंवा साखरेसारखा ऊर्जेने भरलेला पदार्थ थोडासाच द्या, त्यावर जिवाणू वाढतील आणि मातीतली खनिजे मोकळी करतील. प्रयोगशील शेतकरी प्रताप चिपळूणकर सांगतात की बाहेरून ट्रॉल्या ओढण्यापेक्षा मागच्या पिकाची मुळे आणि बुडखे जागच्या जागी कुजू द्या, नांगरट कमी करा. या दोघांशी सगळे सहमत नाहीत, पण दोघांनी वाद योग्य ठिकाणी आणून ठेवला: मातीतल्या जिवाणूंना काय खायला घालायचे?

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांचे नाव न घेता हे प्रकरण संपत नाही. २०१६ साली पद्मश्री मिळालेल्या पाळेकरांचे जीवामृत आज देशभर माहीत आहे: दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी, एका एकराला. दहा किलो ताज्या शेणात नत्र तीस ग्रॅमच्या आसपास असते. तेव्हा जीवामृताला ‘खत’ म्हणणे चूक आहे, आणि पाळेकर स्वतःही ते जिवाणूंचे विरजण म्हणूनच सांगतात. ते द्यायला माझा विरोध नाही. ज्या जमिनीत आच्छादन आहे, द्विदल पीक आहे, साठलेले स्फुरद आहे तिथे त्याचा उपयोग होऊ शकतो. पण ज्या जमिनीतून वीस वर्षे ऊस काढला आणि परत काही घातले नाही, तिथे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जिवाणू नत्र हवेतून बांधतात हे खरे, स्फुरद आणि पालाश मात्र हवेत नसतात. शून्य खर्चाच्या आशेने कर्जबाजारी शेतकऱ्याने एका झटक्यात सगळी खते बंद करावी, असा सल्ला मी कोणाला देणार नाही.

तसा झटका एका अख्ख्या देशाने घेऊन पाहिला. श्रीलंकेने २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली आणि नोव्हेंबरात ती उठवली, तरी भाताचे पीक कोसळले, चहालाही फटका बसला. तांदळात जवळपास स्वयंपूर्ण असलेला देश तांदूळ आयात करू लागला. याच्या उलट सिक्कीमचे उदाहरण दिले जाते. सिक्कीम २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय जाहीर झाले, पण तिथे मुळातच खते फार कमी वापरली जात, शेती छोटी, डोंगराळ, आणि सरकारने हे वळण दशकभराहून अधिक काळ घेतले. एका रात्रीत काही झाले नाही.

आता मला ज्या गोष्टीवर रेंगाळायचे आहे ती कोकणातल्या भाताची. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, जमीन जांभ्याची, आम्लधर्मी, लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवणारे. लावणीनंतर खाचरात युरिया फेकला की तो पाण्याबरोबर बांधावरून खालच्या खाचरात, तिथून वहाळात. म्हणजे खत विकत घेतो एक आणि पिकते दुसऱ्याचे, नाहीतर कोणाचेच नाही. या परिस्थितीवर डॉ. नारायण सावंत यांनी ‘चारसूत्री’ भातशेती बसवली. पहिले सूत्र, भाताचे अवशेष परत वापरणे: रोपवाटिकेत तुसाची काळसर राख आणि खाचरात पेंढा, त्यातून सिलिका आणि पालाश मिळते, रोप ताठ होते. दुसरे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, गुंठ्याला सुमारे तीस किलो, लावणीच्या आठवडाभर आधी चिखलात. गिरिपुष्प बांधावर लावता येतो, त्याच्या हिरव्या फांद्या पसरल्या की दोन-तीन दिवसांत पाने गळून पडतात आणि काठ्या सरपणाला उरतात. तिसरे, खुणा केलेल्या दोरीवर पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अंतर आलटून पालटून ठेवून नियंत्रित लावणी, म्हणजे चार चुडांचा एक चौकोन तयार होतो. आणि चौथे, त्याच दिवशी त्या चौकोनाच्या मध्यभागी युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट, सात ते दहा सेंटिमीटर खोल, हाताने खोचायची.

गुंठ्याला ६२५ ब्रिकेट, वजन पावणेदोन किलोच्या आत. खोल चिखलात हवा नसते, अमोनियमचे नायट्रेट होत नाही, म्हणून नत्र वाहत नाही आणि उडतही नाही. हेक्टरी साठ किलोच्या आतबाहेर नत्रात एकाच वेळी दिलेला हा डोस पूर्ण हंगाम पुरतो. यात सेंद्रिय काय आणि रासायनिक काय ते वेगळे काढून दाखवा! राख, पेंढा, पाला हे जमिनीचे. ब्रिकेट पिकाची. आणि सगळ्यात मोठी बचत कुठून आली, तर खत कुठे आणि किती खोल ठेवले यातून. खताच्या प्रकारावरून भांडणारे लोक खताच्या जागेबद्दल क्वचितच बोलतात. चारसूत्रीची अडचण एकच, ती मजुराची: चौकोनाचौकोनात वाकून ब्रिकेट खोचायला माणसे मिळत नाहीत. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर भाषणाने उपाय होत नाही.

ऊसवाल्यांसाठीही असेच एक उदाहरण. तोडणीनंतर पाचट पेटवले की खोडव्यातला सगळा सेंद्रिय पदार्थ आणि त्यातले नत्र धुरात जाते. शिफारस अशी की पाचट सरीत ठेवा, आणि ते लवकर कुजावे म्हणून टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू टाका. कारण पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे. कुजवणाऱ्या जिवाणूंना वरून नत्र दिले नाही तर ते मातीतलेच ओढून घेतात आणि फुटवे पिवळे पडतात. सेंद्रिय खत तयार करायला युरिया लागतो, हे वाक्य दोन्ही गटांना सारखेच टोचते. त्याला माझा इलाज नाही.

रासायनिक खतांवरचे काही आरोप खरे आहेत. जास्तीचे नत्र झिरपून विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढते, पीक मऊ होऊन मावा-तुडतुड्यांना बोलावते, चुनखडीच्या जमिनीवर उघडा टाकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. काही आरोप मात्र भलत्याच्या माथी मारले गेले आहेत. शिरोळ, वाळवा, मिरज भागातल्या क्षारपड जमिनींचा मुख्य गुन्हेगार पाटाचे अतोनात पाणी आणि निचऱ्याचा अभाव आहे. तिथे शेणखत टाकून क्षार जात नाहीत, चर किंवा सच्छिद्र पाइप टाकूनच जातात. फळभाजीत सापडणारे ‘रासायनिक अवशेष’ बहुतेक वेळा कीडनाशकांचे असतात, खतांचे नसतात. खत आणि औषध हे दोन वेगळे विषय आहेत आणि या पुस्तकात औषधाचा विषय घेतलेला नाही. शेणखतही निर्दोष नाही. कच्चे टाकले तर हुमणी आणि तणाचे बी घेऊन येते, आणि भुईमुगाच्या शेतात हुमणी लागली की शेणखताचे सगळे श्लोक विसरायला होतात.

ज्यांना सेंद्रिय प्रमाणपत्र घेऊन माल विकायचा आहे त्यांचा हिशेब निराळा. तिथे पोत्याचा पर्यायच नसतो. हंगामी पिकांना दोन आणि बहुवार्षिक पिकांना तीन वर्षांचा रूपांतर काळ काढावा लागतो, त्या काळात उत्पादन घटू शकते आणि भाव मात्र साधाच मिळतो. आधी गिऱ्हाईक शोधावे, मग खत बदलावे. दारच्या परसबागेला किंवा घरच्या खाण्यापुरत्या अर्ध्या एकराला खुशाल निव्वळ शेणखत-पालापाचोळा वापरावा, तिथे जनावराचे आणि क्षेत्राचे प्रमाण जुळते. जिथे जुळत नाही तिथे माझे मत उघड आहे: जेवढा सेंद्रिय पदार्थ शेतातच तयार होतो, पाचट, धसकटे, ताग, धैंचा, गिरिपुष्प, त्यातला एक कणही जाळू नये. एकरी चार-सहा टन कुजलेले शेणखत परवडत असेल तर द्यावे, त्यातून येणारे अन्नद्रव्य मात्रेतून वजा करावे, आणि उरलेले पोत्यातून, मोजून, विभागून, मातीआड करून द्यावे. वजाबाकीची ही एक पायरी जवळपास सगळेच गाळतात.

पुढची प्रकरणे पिकवार आहेत. ऊस, कापूस, सोयाबीन, भात, कांदा, द्राक्ष यांपैकी आपले पीक असेल तेवढेच वाचले तरी चालेल. प्रत्येक प्रकरणात शेणखतातून मिळणारे नत्र-स्फुरद-पालाश वजा करण्याचा तक्ता दिला आहे. पण तो तक्ता भरायला आपल्या मातीचा अहवाल हवा, दुसऱ्याचा चालत नाही. मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते. आपल्या घरात ती असेल तर तारीख बघा, तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर नवा नमुना द्या. नमुना रब्बीचे पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी घ्यावा. बांधाजवळची, उकिरड्याजवळची, झाडाखालची जागा सोडावी. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडावी, एकत्र करून चार भाग पाडत अर्धा किलो ठेवावी, सावलीत वाळवावी. आणि ती माती स्वच्छ कापडी पिशवीत भरावी. खताच्या रिकाम्या पोत्यात भरून नेऊ नये, अहवाल चुकतो.